पेटी बोलली नाही पाहिजे

माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी मला पिनकोड विचारला होता.

नवऱ्याची बदली अकोल्याला झाली होती आणि आठ दिवसांत घर शोधायचं होतं. जठारपेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं म्हणून मी बघायला गेले. अंगणातल्या खाटेवर एक सत्तरीतले गृहस्थ सुतळीचा गुंता सोडवत बसले होते. इतरांच्या खिशाला पेन असतं, त्यांच्या खिशाला दाभण होतं, पोती शिवायचं.

“कुठून आल्या?”

“अमरावतीहून.”

“पिन?”

मी गडबडले. “चार-चार-चार, सहाशे...”

“सहाशे काय? अमरावती लय मोठी हाय बाई. मोहल्ला सांगा.”

मी मोहल्ला सांगितला. त्यांनी पुढचा आकडा सांगितला, स्वतःशीच मान हलवली आणि खाटेखालून चाव्या काढून माझ्या हातात दिल्या. तुम्ही कोण, घरात माणसं किती, मटण खाता का, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, घर चांगलं आहे, मालकांचं मात्र काही सांगता येत नाही.

आमचे हे घरमालक मोठ्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर छत्तीस वर्षं बसले होते. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, मीही म्हणू लागले. काकाजी नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. भुसावळला एकदा गेले होते, तेही कोणाच्या तरी लग्नाला. पण देशाचा एक कोपरा नसेल जिथला रस्ता त्यांना माहीत नव्हता, आणि तो रस्ता ते पार्सलच्या बाजूने सांगायचे. “सहा-आठ-सहा, कोट्टायम. पाऊस लागते. आतून मेणकापड पाह्यजे. चार-शून्य-तीन, गोवा. लवकर पोचते, पण उन्हात पडून रायते. सात-नऊ-तीन, शिलाँग. गुवाहाटीवरून गाडी वरतं चढते, वळणंच वळणं. पेटी घरंगळते.” शेजारच्यांचा मुलगा नोकरीसाठी बंगलोरला निघाला तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्यांचं पाणी खळेना. चार बायका समजूत घालून थकल्या. काकाजी कुंपणापलीकडून म्हणाले, “पाच-सहा-शून्य. चौथ्या दिवशी पार्सल पोचते. रडता कायले?” आणि खरं सांगते, त्या माउलीला त्यानेच धीर आला.

मला तेव्हा या सगळ्याचं हसू यायचं. नंतर हसू गेलं आणि आश्चर्य उरलं. ते अजून ओसरलेलं नाही.

आता माझ्या दुकानाचं सांगायला हवं. अमरावतीला मी एका शाळेत कंत्राटावर शिकवायचे. कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. अमरावतीजवळच्या वलगावच्या काही बायका तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या पोळ्यासाठी, कापडी बैल शिवायच्या, ते मी आधीपासून मुलांसाठी आणायचे. माझी एक ख्रिस्ती मैत्रीण ते बैल बघून म्हणाली, या बायका नाताळाची गव्हाणी का करत नाहीत? बाळ येशू ज्या गोठ्यात जन्मला तो गोठा, बाळ, त्याचे आईबाप, मेंढपाळ, तीन राजे, गाय, गाढव, मेंढरं. वलगावच्या बायकांना गोठा काही नवा नव्हता. तुरीच्या वाळक्या काड्या, म्हणजे तुराट्या, बांधून त्यांनी असं छप्पर केलं की मी बघतच राहिले. एका मोठ्या ऑनलाइन बाजारात मी दुकान उघडलं. अकरा बायका शिवायच्या, मी फोटो काढायचे, वर्णन लिहायचे आणि पेट्या भरायचे.

शिवणं त्यांना येत होतं. पेट्या भरणं मला येत नव्हतं, हे पहिल्याच नाताळात कळलं. निम्मी छपरं वाटेत मोडली, कित्येक पेट्या उशिरा पोचल्या. नाताळाच्या वस्तूला पंचवीस तारखेनंतर कोणी विचारत नाही. तक्रारींचा नुसता पाऊस पडला. त्यातली एक शिलाँगच्या एका बालगृहातून आली होती. तिथल्या बाईंनी तीनच वाक्यं लिहिली होती. पेटी अठ्ठावीस तारखेला मिळाली. छप्पर मोडलं होतं. मुलं वाट बघत होती.

बाकीच्यांनी शिव्या दिल्या त्या मी विसरले. ही तीन वाक्यं मात्र पाठ झाली. जानेवारीत बाजाराकडून कळवलं गेलं की येत्या हंगामात पुन्हा उशीर झाला तर दुकान कायमचं बंद होईल. मी वलगावला काहीच बोलले नाही. अनसूयाबाई, म्हणजे त्या अकराजणींची मुख्य, पुढच्या वर्षीचं कापड कधी आणू म्हणून विचारत होत्या.

अकोल्याला आल्यावर एकदा जिन्यात बसून मी परत आलेली एक पेटी उघडत होते, तेव्हा काकाजींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. उलटी केली, कोपरे दाबले, कानाशी धरून हलवली. आत तुराट्यांचा चुरा खुळखुळला.

“हे तुमी बांधलं?”

“हो.”

“बाई, हे बांधणं नाई. हे कोंबणं हाय.”

मला राग आला. मी म्हटलं, काकाजी, आतली वस्तू बघा, बाहेरचं खोकं काय बघता?

“दुकानात गिऱ्हाईक येते, तवा तुमी समोर असता. वस्तू वाकडी असली तं तुमी गोड बोलून निभावता. पार्सलचं तसं नाई. वस्तू एकटी जाते. तिकडं तिच्या बाजूनं बोलाले कोणी नसते.” त्यांनी ती पेटी पुन्हा हलवली. “आन् पेटी वाटंत बोलली नाई पाह्यजे. बोलली का समजा, आत काईतरी दुखून राहिलं.”

मग मी त्यांना शिलाँगची ती तीन वाक्यं वाचून दाखवली. काकाजींनी विचारलं, “पोट्टे किती हायेत तिकडं?” मला माहीत नव्हतं. ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी येऊन उभे राहिले ते सुतळी, दाभण आणि खडू घेऊन.

खडू भिंतीसाठी होता. माझ्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी चोवीस डिसेंबर लिहिलं आणि तिथून उलटे मोजत मागे आले. सातने सुरू होणाऱ्या पिनकोडची पेटी बारा तारखेच्या पुढे निघायची नाही, सहाची पंधराच्या, चारची अठराच्या. त्याआधी दिवाळी येते, बायका माहेरी जातात, म्हणून बहुतेक शिवण दिवाळीच्या आत. असं मोजत मोजत खडू पोळ्यावर येऊन थांबला. “पोळा झाला का दुसऱ्या दिवशी नाताळ,” ते म्हणाले. आमची परत बदली झाली, आता आम्ही दुसऱ्या गावी राहतो, तरी अजून माझा नाताळ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो.

त्या वर्षीच्या भाद्रपदात आम्ही दोघांनी जेवढे पापड खाल्ले तेवढे मी आयुष्यात खाल्ले नसतील. पेटीची परीक्षा ते पापडाने घ्यायचे. भरलेल्या पेटीच्या चार कोपऱ्यांत चार मुगाचे कच्चे पापड उभे ठेवायचे, वर चढायचं आणि पेटी अंगणात टाकायची. एकदा सपाट, एकदा कोपऱ्यावर, एकदा जिन्याच्या सतरा पायऱ्यांवरून गडगडत. मग खाली येऊन उघडायची. एक जरी पापड तडकला असेल तरी बांधणी नापास. नापास पापड भाजून चहाबरोबर. पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या लोकांना वाटलं, नवीन भाडेकरणीचं आणि म्हाताऱ्याचं भांडण जुंपलं, सामान बाहेर फेकतायत. ज्या दिवशी चारही पापड साबूत निघाले त्या दिवशी काकाजींनी तेही भाजले आणि शेजारीपाजारी वाटले.

पेटीत भरायला त्यांना प्लॅस्टिक चालायचं नाही, रद्दी लागायची. पण कोणतीही रद्दी नाही. खाटेवर बसून ते एकेक पान वाचायचे आणि दोन गठ्ठे करायचे. अपघात, निधन, मारामारी हे एका बाजूला. क्रिकेट, हवामान, रेसिपी, कोणाचा सत्कार, हे पेटीत.

“काकाजी, कोट्टायमला मराठी कोण वाचणार आहे?”

“फोटू तं दिसते. लेकराच्या पाठीखाली कायले जळलेली गाडी ठेवता?”

मी हरले. शाळेत असताना मी मुलांना मन लावून काम करा म्हणून रोज सांगायचे. मन लावणं म्हणजे काय ते मला त्या खाटेपाशी दिसलं.

प्रत्येक पेटी बंद करण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला. “उघडल्यावर आधी काय दिसन?” मी सांगायचे, छप्पर दिसेल. ते म्हणायचे, नाही, बाळाची आई दिसली पाहिजे, आणि सगळं काढून पुन्हा रचायचे. गिऱ्हाइकांचे अभिप्राय आले की ते मला वाचायला लावायचे. रंग छान, शिवण सुबक, हे ऐकताना त्यांचं लक्ष नसायचं. मध्येच विचारायचे, “उघडलं कसं ते लिहिलं काय?” तसं कोणी लिहीत नसे. मग सुतळीकडे वळायचे. या प्रश्नामागे काय आहे ते मला बरेच दिवस कळलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा एक चाळा, असं मी धरून चालले होते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात खिडक्या लावून, दिव्यांच्या माळा पेटवून मी नाताळाचे फोटो काढले. बाळं अजून वलगावहून यायची होती. अनसूयाबाईंनी सांगितलं होतं, “आधी घर, माय-बाप, गायढोर. लेकरू आखरीले. लेकरू कोणी आधी आणून ठेवते काय?” म्हणून फोटोपुरतं एक बाळ मीच शिवलं. काकाजी बॅटरीचा उजेड धरून उभे होते. घामाने दोघेही निथळत होतो.

“हाती येईन तेही असंच दिसन ना?” त्यांनी विचारलं.

“असंच.”

“मंग ठीक. पावतीत जे लिहिलं, तेच पेटीत पाह्यजे.” हा त्यांचा खिडकीवरचा नियम होता. पुढे तोच आमच्या मानगुटीवर बसणार होता.

दिवाळीनंतर मी काकाजींना वलगावला नेलं. वाटेत शिवण उसवू नये म्हणून दुहेरी टाका घाला, एवढंच त्यांनी बायकांना सांगायचं होतं. अनसूयाबाईंच्या अंगणात अकराजणी बसल्या. काकाजी उभे राहिले, हातात गवताने भरलेलं नमुन्याचं बाळ.

“बायांनो,” ते म्हणाले, “हे लेकरू एकटं चाललं. हजार कोस. सोबत माय नाई, आजी नाई. वाटंत कोणाचे हात कसे असतीन, कोण कसं पाहीन, सांगता येत नाई. तवा तुमच्या हातून निघतानीच त्याची समदी तयारी झाली पाह्यजे.”

अनसूयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दुहेरी टाक्यावर इतकं सुंदर भाषण मी कधी ऐकलं नव्हतं, आणि बसमध्ये मी काकाजींना तसं म्हटलंही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाळं आली. दोनशे चाळीस. वेताच्या टोपलीत, वरून धुतलेलं लुगडं पांघरलेलं. मी लुगडं बाजूला केलं आणि एकेक बाळ उचलून बघत गेले. प्रत्येक बाळाच्या डाव्या गालावर काळी तीट होती.

मी अनसूयाबाईंना फोन लावला. माझा आवाज चढला होता. त्या मात्र शांत होत्या.

“अवो ताई, तुमीच तं काकाजीइले घेऊन आल्त्या. त्याइनंच सांगतलं का लेकरू एकटं चाललं, वाटंत कोण कसं पाहीन. मंग बिना तिटीचं कसं धाडाव? घरच्या काजयाची हाय. बजारची नाई. पुसाची नाई, मजबूत हाय.”

ती मजबूत होती यात शंकाच नाही. मी एका बाळाचा गाल साबणाने घासला, तो सगळा राखाडी झाला. दुसऱ्यावर पीठ चोळलं, तिसऱ्यावर रॉकेल. तिन्ही बाळं वाया गेली. काजळ एरंडाच्या तेलातलं होतं, कापडात पार मुरलेलं. एकशे साठच्या वर मागण्या आधीच आलेल्या, सगळ्यांनी फोटोत स्वच्छ गालाचं बाळ पाहिलेलं. नवीन बाळं शिवायला दिवस नव्हते, कारण भिंतीवर सातच्या पुढे बारा तारीख लिहिलेली होती. आपलं दुकान गेलं, हे मला त्या टोपलीपाशी कळून चुकलं. वलगावला काय तोंड दाखवू, हाच विचार डोक्यात.

काकाजींनी एक बाळ उचललं. चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेलं. मला वाटलं, आता ते त्या बायकांवर चिडतील.

“बरोबर केलं त्याइनं,” ते म्हणाले. “मी सांगतलं, पण मले नाई सुचलं.”

“काकाजी, ही त्यांच्या देवाची मूर्ती आहे! लोक काय म्हणतील?”

“ते आपण विचारू. चला.”

त्यांनी बाळ रुमालात गुंडाळलं आणि मला घेऊन निघाले. दोन गल्ल्या सोडून एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. वर्षानुवर्षं नाताळाआधी भावाला पार्सल पाठवायला त्या काकाजींच्या खिडकीशी यायच्या. देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात क्रूस, त्याखाली मेणबत्ती. काकाजींनी रुमाल उलगडून टेबलावर ठेवला. नर्सबाईंनी बाळाकडे पाहिलं, मग आपल्या गालाला हात लावला.

“आमच्या मायनं आमाले लावलीच होती की,” त्या म्हणाल्या. “याच्या मायनंही लावली असती. गोठ्यात काजय कुठून आणन ती बिचारी?”

बाहेर पडल्यावर मी काकाजींना म्हटलं, त्या आपल्याकडच्या म्हणून असं म्हणाल्या, बाकीचे म्हणतीलच असं नाही. “म्हणून तं सगळ्याइले विचाराचं,” ते म्हणाले. “पावतीत जे, तेच पेटीत. फोटू बदला.”

मी दुकानातले सगळे फोटो तिटीसकट नव्याने लावले. ज्यांनी आधी मागवलं होतं त्या प्रत्येकाला लिहिलं, बाळाचा आणि तिटीचा फोटो जोडला. मजकूर काकाजींनी सांगितला, मी तो इंग्रजीत केला. ‘आमच्याकडे तान्हं बाळ घराबाहेर नेताना आई त्याला काजळाची तीट लावते, कोणाची नजर लागू नये म्हणून. ज्या बायकांनी हे बाळ शिवलं त्यांना ते बिनतिटीचं पाठववेना. तुम्हाला नको असेल तर सांगा, राग नाही.’ दोन दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल.

नऊजणांनी नको म्हटलं. बाकी सगळ्यांनी पाठवा म्हटलं. गोव्याच्या एका आजीबाईंनी लिहिलं की आमच्याकडेही लावतात. मी ते वाचताना रडले आणि काकाजी म्हणाले, “रडत रडत का होईना, सुतळी कापा. उद्या बारा तारीख हाय.”

पेट्या गेल्या. एकही बोलली नाही. कोट्टायम, गोवा, मुंबई, वसई, सगळीकडून पोचल्याचं कळत गेलं. एकोणीस तारखेला सकाळी मी पहिल्यांदा भिंतीकडे न बघता चहा घेतला. तेवढ्यात फोनवर नवी मागणी आली. सात-नऊ-तीन. शिलाँगचं तेच बालगृह.

पोळ्याच्या सुमारास काकाजींनी मला त्यांना माफीचं पत्र लिहायला लावलं होतं. उत्तर आलं नव्हतं. आणि आता, पूर्वेकडची पेटी निघण्याची तारीख उलटून आठवडा झाल्यावर, ही मागणी. लांबच्या गावांची विक्री बंद करायची मी विसरले होते, चूक माझीच. सोबत तिथल्या बाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘तीट असलेलंच पाठवा. या वेळी मुलांना काही सांगितलेलं नाही, आलं तर दाखवू.’

मी ताबडतोब मागणी रद्द करायला निघाले. काकाजींनी फोनवर हात ठेवला.

“थांबा.”

“काकाजी, कुरिअरवाला सात दिवस सांगतो. पेटी सव्वीसला पोचेल. एक उशीर झाला तर दुकान बंद, तुम्हाला माहीत आहे. एका पेटीसाठी अकरा बायकांचं काम घालवू?”

“पोट्ट्याइले सांगतलं नाई म्हणते ती.” त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. “आपल्या पायी सांगतलं नाई.”

“मग काय करू? पंख लावू पेटीला?”

“मी घेऊन जातो.”

मी हसले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, नागपूरच्या पलीकडे कधी न गेलेला. मी आरडाओरडा केला, नवऱ्याला बोलावलं, थंडीची भीती घातली. काकाजी शांतपणे मला रस्ता सांगत राहिले. अकोल्याहून हावडा, तिथे गाडी बदलून गुवाहाटी, तिथून वर तीन तास. गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या. “या रस्त्यानं मी किती पार्सलं पाठवले, मोजले नाई,” ते म्हणाले. “समदी एकटी गेली. एखादी तं जावी सोबतीनं.”

त्यांनी ती पेटी जुन्या पद्धतीने बांधली. वरून मांजरपाट घातलं, दाभणाने चारी बाजूंनी शिवलं आणि गाठींवर लाख वितळवून लावली. विसाव्या तारखेला मी त्यांना स्टेशनवर पोचवलं. अंगात लग्नातला कोट, डोक्याला माकडटोपी, मांडीवर पेटी. शेजारच्या प्रवाशाने ती वर फळीवर ठेवायला हात पुढे केला, तर काकाजींनी पेटी पोटाशी धरली. बडनेऱ्याला अनसूयाबाई गाडीवर आल्या होत्या. भाकरी-ठेच्याची शिदोरी आणि काजळाची डबी त्यांनी खिडकीतून दिली. “काजय कायले?” असं काकाजींनी विचारलं म्हणे. “तिकडच्या लेकराइले,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर चार दिवस काही कळलं नाही. काकाजींचा बटणांचा फोन बंद होता. उत्तरेकडे धुकं, गाड्या उशिरा, हे मी फोनवर बघायचे आणि पुन्हा पुन्हा बघायचे. दुकान जाईल याची भीती कधी मागे पडली ते कळलंच नाही. त्या म्हाताऱ्याला काही होऊ नये, एवढंच मागत होते. मी भिंतीवरचं चोवीस पुसायला दोनदा उठले आणि दोनदा बसले.

चोवीस तारखेला दुपारी चारच्या सुमारास फोटो आला. तिकडे ऊन कलतीला लागलं होतं. एका लाकडी पडवीत गव्हाणी मांडलेली, तुराट्यांचं छप्पर जसंच्या तसं. भोवती लोकरी टोप्यांतली सव्वीस मुलं, मी मोजली. सव्वीसही गालांवर काळी तीट. मागे ओळखपत्राच्या फोटोसारखे ताठ उभे काकाजी, आणि त्यांच्याही गालावर तीट. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘मुलांनी यांनाही लावली. परत एकटे जायचे आहेत म्हणून.’

मी तो फोटो अनसूयाबाईंना पाठवला आणि दोघी फोनवर नुसत्या रडलो. दुकान वाचलं होतं. ते मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं.

काकाजी नव्या वर्षात परतले. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा ते खाटेवर बसून सुतळी गुंडाळत होते. शिलाँगचं थंडीवाऱ्याचं, डोंगराचं, ढगांचं काही सांगतील म्हणून मी बसले. त्यांनी एवढंच सांगितलं की वळणं त्यांनी मनात धरली होती त्याहून जास्त निघाली.

“छत्तीस वर्षं बांधून राहिलो बाई,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “पोरीच्या लग्नाचं सामान बांधलं, फौजीचे लाडू बांधले, औषधं बांधले. पण कोणी उघडताना मी कधी पाहिलं नव्हतं. हे पहिल्यांदाच.”

तेव्हा कुठे मला त्यांचा तो चाळा कळला. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

“मग काकाजी, उघडल्यावर आधी काय दिसलं?”

त्यांनी सुतळी बाजूला ठेवली.

“पेटीत मी पाहिलंच नाई,” ते म्हणाले. “मी पोट्ट्याइचे तोंडं पाहून राहिलो होतो.”